पडद्यावरचे घड्याळ : रूप आवडीचे, वेळ मात्र खरी हवी

संगणकाच्या पडद्यावर, तळाशी उजव्या कोपऱ्यात, एक छोटेसे घड्याळ असतेच. कामापुरते ते पुरेसेही असते. तरीही अनेकांना त्यावर समाधान मानवत नाही. पडदाभर पसरलेले, पाट्या उलटत मिनिट बदलणारे, लाल-हिरव्या दिव्यांसारखे लुकलुकणारे किंवा सेकंदकाटा संथपणे फिरवणारे घड्याळ त्यांना हवे असते. अशी घड्याळे दाखवणारे शेकडो प्रोग्रॅम आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक मोफत आहेत. कार्यालयात, शिकवणीच्या वर्गात, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, एवढेच नव्हे तर घरी अडगळीत जाऊ पाहणाऱ्या जुन्या संगणकावरही ती दिसू लागली आहेत.

ही हौस निरुपद्रवी वाटते आणि बहुतांशी ती तशी असतेही. मात्र घड्याळ कितीही देखणे असले, तरी ते वेळ दाखवते; वेळ तयार करत नाही. ती वेळ कुठून येते, बरोबर कशी राहते, आणि सुंदर चेहऱ्याच्या मोबदल्यात आपण संगणकाची कोणती दारे उघडी करतो, हे ठाऊक असल्याखेरीज असा प्रोग्रॅम बसवणे म्हणजे तबकडी पाहून घड्याळ विकत घेण्यासारखे आहे.

चेहऱ्यांची परंपरा

संगणकावर घड्याळ असणे आज इतके अंगवळणी पडले आहे, की ते कधी नव्हते याची कल्पनाही करवत नाही. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरला वीज गेल्यावर वेळ आठवत नसे. तो सुरू केला की आजची तारीख आणि वेळ काय, असे तोच वापरणाऱ्याला विचारी. १९८४ मध्ये आलेल्या पीसी-एटी या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारे स्वतंत्र घड्याळ आले आणि हा प्रश्न मिटला. त्याच वर्षी बाजारात आलेल्या अॅपलच्या मॅकिन्टॉशवर गजराचे घड्याळ हा एक छोटा प्रोग्रॅमच दिलेला होता. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही काट्यांचे घड्याळ होते. पुढे विंडोज ३.१ मधील घड्याळात काटे किंवा आकडे यांपैकी हवे ते निवडण्याची सोय होती.

आज मिळणाऱ्या हलत्या घड्याळांचे चेहरे मात्र बहुधा संगणकाबाहेरच्या जगातून उसने घेतलेले आहेत. सात छोट्या रेषांनी आकडा बनवणारी रचना मनगटी डिजिटल घड्याळे आणि कॅल्क्युलेटर यांच्याकडून आली. पाट्या उलटणारे घड्याळ हे इटलीतील सोलारी या कंपनीने लोकप्रिय केलेल्या यांत्रिक घड्याळांचे चित्ररूप आहे. विमानतळांवर आणि रेल्वे स्थानकांवर खडखड आवाज करत बदलणारे गाड्यांचे फलकही याच तंत्राचे. जपानी डिझायनर युजी अदाची यांचा ‘फ्लिक्लो’ हा स्क्रीनसेव्हर याच पाट्यांच्या घड्याळाची प्रतिकृती असून, तो जगभर वापरला गेला. काळ्या पार्श्वभूमीवर दोन मोठे चौकोन, तास आणि मिनिटे, एवढेच त्यात दिसते. सेकंद नाहीत, झगमगाट नाही. दूरवरून वाचता येणे हे घड्याळाचे पहिले काम तो चोख करतो.

निवड करताना हा निकष उपयोगी पडतो. सहा-आठ फुटांवरून, चष्मा काढून ठेवल्यावरही वेळ कळते का, हे आधी पाहावे. मागे हलणारे ढग, पाण्याचे बुडबुडे किंवा फिरते दातेरी चक्र असलेली घड्याळे पहिल्या दिवशी आकर्षक वाटतात. आठवड्याभरात तीच नजरेला टोचू लागतात. डोळ्यांच्या कडेला होणारी हालचाल माणसाचे लक्ष हटकून वेधते. म्हणूनच लिहिण्या-वाचण्याचे काम करताना शेजारी सतत हलणारे चित्र नको वाटते. काम चालू असताना साधे घड्याळ आणि संगणक रिकामा असताना हलते घड्याळ, अशी विभागणी केल्यास दोन्ही साधते.

वेळ येते कुठून?

संगणकाच्या मदरबोर्डवर एक छोटा क्वार्ट्झ स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटला तरी सोयीचा आहे. दोन या संख्येचा पंधरावा घात म्हणजे ३२,७६८. त्यामुळे ही कंपने पंधरा वेळा निम्मी करत गेले की नेमका एक सेकंद हाती लागतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक असतो. संगणक बंद असताना त्याला नाण्याच्या आकाराची एक बॅटरी जागे ठेवते. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची असते आणि घड्याळाच्या दुकानात सहज मिळते. संगणक रोज सुरू करताना तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी ही बॅटरी बदलून पाहावी.

संगणक सुरू झाला, की विंडोज किंवा अन्य ऑपरेटिंग सिस्टीम या घड्याळावरून वेळ उचलते आणि पुढची मोजदाद स्वतः करते. आपण हौसेने बसवलेला प्रोग्रॅम या सिस्टीमला ‘आता किती वाजले?’ एवढेच विचारतो आणि मिळालेले उत्तर रंगवून पडद्यावर मांडतो. म्हणजे पडद्यावर दिसते ती घड्याळाची तबकडी. यंत्र निराळेच आहे. सिस्टीमची वेळ पाच मिनिटे मागे असेल, तर सर्वांत महागडे हलते घड्याळही पाच मिनिटे मागेच राहणार.

आणि ती मागे-पुढे होतेच. स्फटिकाच्या कंपनांत तापमानानुसार आणि वयोमानानुसार किंचित फरक पडतो. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंदांचा फरक होतो. इंटरनेटला न जोडलेला संगणक काही महिन्यांत सहज तीन-चार मिनिटे चुकू शकतो तो यामुळेच.

यावरचा उपाय म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणे. त्यासाठी वापरली जाणारी पद्धत ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संशोधक डेव्हिड मिल्स यांनी ती विकसित केली. १९८५ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. जानेवारी २०२४ मध्ये मिल्स यांचे निधन झाले तेव्हाही जगभरातील असंख्य संगणक याच पद्धतीने आपली घड्याळे लावत होते.

तिची युक्ती सोपी आहे. आपला संगणक दूरच्या सर्व्हरला वेळ विचारतो. पण उत्तर येईपर्यंत काही काळ गेलेला असतो, म्हणजे ते उत्तर शिळे झालेले असते. म्हणून प्रश्न निघाल्याची, सर्व्हरपाशी पोहोचल्याची, तिथून उत्तर निघाल्याची आणि ते परत आल्याची अशा चार वेळा नोंदवल्या जातात. येण्या-जाण्यात मिळून १०० मिलिसेकंद गेले असतील, तर उत्तर यायला त्यातील निम्मे, म्हणजे ५० मिलिसेकंद लागले असे मानून तेवढी भर घातली जाते. टपालाने आलेल्या पत्रातील ‘आता’ वाचताना आपण प्रवासाचे दिवस मनातल्या मनात मोजतो, तसेच हे.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. तेथे सीझियमची आण्विक घड्याळे आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवरून केली जाते. सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, इतर कंपन्या व सरकारी संस्था यांनी आपल्या संगणकांची वेळ या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवावी, असे म्हटले. सायबर गुन्ह्याचा माग काढताना दोन संगणकांच्या नोंदींतील वेळ जुळली नाही, तर कोणती घटना आधी घडली हेच कळत नाही. हे त्यामागील साधे कारण आहे.

घरच्या संगणकाला एवढा काटेकोरपणा लागत नाही. मात्र विंडोजमधील तारीख व वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू आहे ना, आणि टाइम झोन भारताचाच, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढचा आहे ना, हे प्रत्येकाने एकदा तपासावे. नवे घड्याळ बसवण्याआधी करायचे हे पहिले काम. टाइम झोन चुकलेला असताना आकडे हाताने फिरवून वेळ ‘बरोबर’ करणाऱ्यांच्या ई-मेलवर भलत्याच वेळा उमटतात. तारीख काही वर्षे मागे गेली, तर बँकेचे संकेतस्थळही उघडेनासे होते. कारण संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतेच वैध असते आणि ब्राउझर ती तारीख आपल्या संगणकाच्या घड्याळावरून तपासतो.

एका सेकंदाचे ओझे

विंडोजच्या टास्कबारवर वर्षानुवर्षे तास आणि मिनिटेच का दिसत होती, सेकंद का नव्हते, याची एक उद्‌बोधक हकीकत मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांनी २००३ मध्ये लिहिली आहे. विंडोज ९५ च्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत सेकंदही होते आणि तास-मिनिटांमधील दोन ठिपके लुकलुकतही असत. पण त्या काळी विंडोज ९५ ला किमान चार मेगाबाइट मेमरी पुरेशी मानली जाई. एवढ्या तुटपुंज्या जागेत, दर सेकंदाला घड्याळ रंगवायचे म्हणजे त्यासाठी लागणारी सारी सामग्री मेमरीत कायम बसवून ठेवणे आले. इतर कामांना जागा कमी पडू लागली आणि संगणकाचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांत ते दिसू लागले. शेवटी ठिपक्यांचे लुकलुकणे गेले आणि सेकंदही गेले.

आज मेमरी हजारो पटींनी वाढली आहे. तरीही २०२३ मध्ये विंडोज ११ मध्ये टास्कबारवर सेकंद दाखवण्याची सोय आली, तेव्हा त्या पर्यायासमोर ‘यामुळे जास्त वीज लागते’ अशी सूचना मायक्रोसॉफ्टने लिहिलीच. कारण आता प्रश्न जागेचा नसून झोपेचा आहे. आधुनिक प्रोसेसर काम नसेल तेव्हा क्षणभर का होईना डुलकी घेतो आणि वीज वाचवतो. दर सेकंदाला दार ठोठावणारा प्रोग्रॅम ती डुलकी मोडतो.

हलत्या घड्याळाचे ओझे त्याहून अधिक. टकटक पुढे सरकणारा सेकंदकाटा मिनिटाला ६० वेळा रंगवावा लागतो. तोच काटा संथ, अखंड फिरताना दिसायला हवा असेल आणि त्यासाठी सेकंदाला ६० चित्रे काढायची असतील, तर मिनिटाला ३,६०० वेळा पडदा रंगवावा लागतो. डेस्कटॉप संगणकाला हे जड नाही. पण बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर किंवा दहा-बारा वर्षांच्या जुन्या संगणकावर ते जाणवते. आपले घड्याळ किती खाते हे पाहणे सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात घड्याळाच्या नावासमोर प्रोसेसरचा वापर सतत चार-पाच टक्क्यांवर दिसत असेल, तर त्याची हालचाल कमी करावी अथवा दुसरे घड्याळ शोधावे.

चांगले घड्याळ कसे ओळखावे?

एकाच सिस्टीमला वेळ विचारणारे दोन प्रोग्रॅमही सारखे नसतात. विंडोजमध्ये घड्याळाचा प्रोग्रॅम ‘मला दर सेकंदाला उठव’ अशी विनंती नोंदवून ठेवतो. परंतु संगणकावर इतर कामांची गर्दी असली, की ही हाक उशिरा येते. थकलेल्या दोन-तीन हाका एकत्र होऊन एकच हाक मिळते, असेही घडते. नीट लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्येक वेळी जागे होताच सिस्टीमला नव्याने वेळ विचारतो. त्यामुळे गर्दीच्या क्षणी तो एखादा सेकंद गाळून पुढच्यावर उडी मारेल, पण चुकीची वेळ दाखवणार नाही. घिसाडघाईने लिहिलेला प्रोग्रॅम मात्र सुरुवातीला एकदाच वेळ विचारतो आणि पुढे प्रत्येक हाकेला एक-एक सेकंद मिळवत बसतो. हाका चुकल्या, की त्याची वेळही चुकते.

ही पारख घरच्या घरी करता येते. घड्याळ चालू ठेवून संगणक दहा मिनिटे ‘स्लीप’वर टाकावा आणि पुन्हा जागा करावा. चांगले घड्याळ तत्क्षणी बरोबर वेळेवर येते. कच्चे घड्याळ दहा मिनिटांपूर्वीच्या जागेवरूनच चालू लागते. असे घड्याळ कितीही सुंदर असले तरी काढून टाकावे, कारण गजर लावण्यासाठी किंवा परीक्षेच्या सरावासाठी त्यावर विसंबता येणार नाही.

उतरवून घेताना सावधान

या हौसेतील खरा धोका घड्याळ संगणकावर उतरवून घेताना असतो. हलती घड्याळे बहुधा स्क्रीनसेव्हरच्या रूपात मिळतात आणि त्या फाइलच्या नावाअखेर ‘एससीआर’ ही अक्षरे असतात. नाव वेगळे असले तरी ती फाइल ‘ईएक्सई’ प्रमाणेच पूर्ण प्रोग्रॅम असते. ती उघडणे म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणे. चित्रासारखे दिसणारे स्क्रीनसेव्हर ई-मेलने धाडून त्यातून व्हायरस पसरवण्याचा प्रकार जुना आहे आणि तो अजून थांबलेला नाही. ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेले घड्याळ, पाठवणारा ओळखीचा असला तरी, उघडू नये.

मायक्रोसॉफ्टने स्वतः पुरवलेली सोयही यातून सुटली नाही. २००७ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये ‘गॅजेट’ नावाची छोटी साधने पडद्यावर ठेवता येत. त्यांतील काट्यांचे घड्याळ फार लोकप्रिय होते. मात्र गॅजेटच्या मार्गाने संगणकाचा ताबा मिळवता येऊ शकतो, असे निष्पन्न झाल्यावर जुलै २०१२ मध्ये कंपनीने ही सोयच बंद करण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ मध्ये ती वगळण्यात आली. त्या गॅजेटची आठवण म्हणून ती परत आणून देणारी संकेतस्थळे आजही आहेत. त्यांच्या वाटेला न जाणे श्रेयस्कर.

तीच गोष्ट ‘फ्लॅश’ची. २००० च्या दशकात हलणारी घड्याळे बनवण्यासाठी फ्लॅश हे सर्वांत सोयीचे साधन होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीने त्याला पाठबळ देणे थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमधील मजकूरच अडवला. त्यामुळे त्या काळातील कित्येक घड्याळे एका दिवसात निकामी झाली. एखादे जुने घड्याळ चालवण्यासाठी फ्लॅश बसवा असा आग्रह कोणी धरत असेल, तर ते घड्याळ सोडून द्यावे.

मग घ्यावे कुठून? मायक्रोसॉफ्ट स्टोअर, अॅपलचे अॅप स्टोअर किंवा प्रोग्रॅम बनवणाऱ्याचे मूळ संकेतस्थळ, हे तीन मार्ग त्यातल्या त्यात सुरक्षित. शोधयंत्रात वरच्या बाजूला दिसणाऱ्या जाहिराती आणि पानभर पसरलेली ‘डाऊनलोड’ची बटणे टाळावीत. बसवताना प्रत्येक पडदा वाचून पुढे जावे, कारण घड्याळासोबत ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारे किंवा जाहिराती दाखवणारे दुसरे प्रोग्रॅम बसवण्याची परवानगी याच ठिकाणी नकळत घेतली जाते. आणि घड्याळाला संपर्कसूची, कॅमेरा किंवा कायमस्वरूपी इंटरनेट जोडणी कशाला हवी, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

काहीच बसवायचे नसेल, तर त्याहून सोपी वाट आहे. ब्राउझरमध्ये घड्याळ दाखवणारे एखादे पान उघडून एफ-११ ही कळ दाबली, की ते पडदाभर पसरते. काम झाले की तीच कळ पुन्हा दाबून पान बंद करावे.

बसवल्यानंतर

घड्याळ बसले, की त्याचे पर्याय एकदा सवडीने पाहावेत. बारा की चोवीस तास, सेकंद हवेत की नकोत, इतर खिडक्यांच्या वर सतत दिसावे की नाही, संगणक सुरू होताच चालू व्हावे की नाही, हे बहुतेक प्रोग्रॅममध्ये ठरवता येते. स्क्रीनसेव्हर म्हणून वापरणाऱ्यांनी, विशेषतः कार्यालयात, परत येताना पासवर्ड मागण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर पडद्यावर घड्याळ आणि मागे उघडी पडलेली फाइल, अशी स्थिती होते.

आकडे देवनागरीत हवे असतील, तर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भाषा मराठी ठेवून अंकांच्या विभागात देशी अंक निवडता येतात. जी घड्याळे अक्षरे सिस्टीमकडून लिहून घेतात, त्यांत यामुळे १२:४५ देवनागरीत दिसू शकते. ज्यांत आकड्यांची चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात, त्यांत मात्र काही बदल होत नाही. पाट्या उलटणारी घड्याळे बहुधा या दुसऱ्या प्रकारची.

मॅक संगणकावर वरच्या पट्टीतील घड्याळातच सेकंद दाखवण्याची, ठिपके लुकलुकवण्याची आणि दर तासाला, अर्ध्या किंवा पाव तासाला वेळ मोठ्याने सांगण्याची सोय आहे. दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांना ही शेवटची सोय कोणत्याही हलत्या चित्रापेक्षा अधिक उपयोगाची ठरते.

मुले परदेशी असलेल्या घरांत दोन-तीन शहरांची वेळ एकत्र दाखवणारी घड्याळे लोकप्रिय आहेत. त्यात एक मेख आहे. भारताची वेळ वर्षभर एकच असते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. त्यामुळे न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास. लंडनचा फरक साडेपाचवरून साडेचारवर येतो. शिवाय दोन्ही देशांतील बदलाच्या तारखा निराळ्या. अमेरिकेत तो मार्चच्या दुसऱ्या रविवारी, तर ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. ज्या प्रोग्रॅममध्ये शहराचे नाव निवडायचे असते, तो हे बदल सहसा स्वतः सांभाळतो. ‘इतके तास मागे’ असा आकडा हाताने भरायला लावणारा प्रोग्रॅम वर्षातील अनेक महिने तासभर चुकतो आणि पहाटे पाचला कुणाची तरी झोप मोडते.

पडदा, वीज आणि डोळे

स्क्रीनसेव्हर जन्मला तो पडदा वाचवण्यासाठी. जुन्या, जाडजूड मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिले, की आतील लेप त्या जागी झिजून चित्राची सावली कायमची उमटत असे. आजच्या एलसीडी पडद्यांना हा धोका फारसा नाही. ओएलईडी पडद्यांना मात्र तो पुन्हा आहे. अशा पडद्यावर एकाच जागी चमकणारे पांढरे आकडे महिनोन्‌महिने ठेवू नयेत. काळी पार्श्वभूमी, मंद रंगाचे आकडे आणि थोड्या-थोड्या वेळाने जागा बदलणारे घड्याळ त्यासाठी योग्य.

वीज वाचवण्याचा उद्देश असेल, तर मात्र स्क्रीनसेव्हर हा उपाय नव्हे. घड्याळ दाखवणारा पडदाही पेटलेलाच असतो. रात्री आणि जेवणाच्या सुटीत पडदा आपोआप बंद होऊ देणे, हीच खरी बचत. हलत्या चित्रांनी डोके दुखणाऱ्यांनी विंडोजमधील हालचालींचे परिणाम बंद करण्याचा पर्याय वापरावा आणि घड्याळही स्थिर निवडावे.

जुना संगणक भिंतीवरचे घड्याळ म्हणून वापरणाऱ्यांसमोर वेगळाच पेच आहे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नेहमीचे पाठबळ देणे थांबवले. पाठबळ संपलेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आणि न जोडावा तर वेळ हळूहळू चुकणार. अशा संगणकाचे इंटरनेट बंद ठेवून महिन्यातून एकदा मोबाइल पाहून वेळ लावणे, हा घड्याळाला चावी देण्याच्या जुन्या सवयीसारखा उपाय सर्वांत बरा. त्यावर बँकेचे व्यवहार किंवा महत्त्वाची कागदपत्रे नसावीत, हे ओघाने आलेच.

सेकंदाला मोल येते तेव्हा

एरवी मिनिटभराच्या चुकीने कुणाचे फारसे बिघडत नाही. पण तत्काळ तिकिटांचे आरक्षण वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते, तेव्हा हजारो माणसे पडद्यावरच्या सेकंदांकडे डोळे लावून बसलेली असतात. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, ऑनलाइन परीक्षेची उत्तरपत्रिका ठरल्या क्षणी बंद होते, अर्ज भरण्याची मुदत मध्यरात्री संपते. या प्रत्येक ठिकाणी वेळ ठरवणारे घड्याळ समोरच्या संस्थेच्या सर्व्हरवर असते. आपले घड्याळ अर्धा मिनिट मागे असेल, तर आपण ‘वेळेवर’ पोहोचूनही उशीर झालेला असतो.

मुंबईकरांना हा अनुभव नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी या शहराने तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची ‘मुंबई वेळ’ पुढे १९५५ पर्यंत जपली होती. तेव्हा कुठल्या घड्याळाने बोलता, असे विचारून घ्यावे लागे. संगणकाच्या पडद्यावरचे घड्याळ देखणे असो वा साधे, त्यालाही अधूनमधून तोच प्रश्न विचारत राहावे. वेळ आपोआप जुळते आहे, टाइम झोन बरोबर आहे आणि प्रोग्रॅम खात्रीच्या ठिकाणाहून आला आहे, एवढी तीन उत्तरे मिळाली, की मग पाट्या उलटवाव्यात, दिवे लुकलुकवावेत किंवा काटा संथपणे फिरू द्यावा. ती ज्याची त्याची आवड.